समुद्राच्या सामूचे लेखाशीर्ष कोणते?

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पांड्य राज्यातील कोरकईच्या मोत्यांचा उल्लेख आहे; तेथे शिक्षा झालेल्या गुन्हेगारांकडून शिंपले काढून घेतले जात, असेही तो सांगतो. मन्नारच्या आखाताची कीर्ती या शिंपल्यांवर आणि शंखांवर उभी राहिली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला अस्वस्थ करते ते हे की, दोन हजार वर्षे टिकलेल्या या संपदेचा रासायनिक पायाच आज हलू लागला आहे.

मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतात. त्यामुळे तापमानवाढीचा वेग मंदावतो खरा. पण पाण्यात त्या वायूचे कार्बोनिक आम्ल होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे ८.२ असलेला पृष्ठजलाचा सरासरी सामू आता ८.१च्या आसपास आला आहे. फरक क्षुल्लक वाटेल. परंतु या मोजपट्टीवर तो हायड्रोजन आयनांतील २५ ते ३० टक्के वाढ दर्शवतो. पाणी अजून अल्कधर्मीच आहे. मात्र कवच बांधण्यास लागणारे कार्बोनेट त्यात घटत आहे. प्रवाळ, शिंपले आणि अन्नसाखळीच्या तळाशी असलेले सूक्ष्म कवचधारी जीव यांना त्याची झळ प्रथम बसते. मासेमारीवर पोट असलेल्या किनाऱ्यांपर्यंत ती पुढे पोहोचते.

मन्नारमध्ये पूर्वी चुन्यासाठी व बांधकामासाठी प्रवाळ खणले जात. तेथील २१ बेटांपैकी दोन आज पाण्याखाली आहेत, आणि त्यामागे हे उत्खनन हे एक प्रमुख कारण मानले जाते. १९८६ साली तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, २००१ साली प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. कायद्याने कुदळ थांबवता आली. पाण्यात विरघळणारा वायू उद्यानाची हद्द ओळखत नाही.

सनदी सेवेत मी एक गोष्ट वारंवार पाहिली: ज्या प्रश्नाला स्वतंत्र लेखाशीर्ष नसते, त्याला वालीही नसतो. किनारा नियमन भरतीरेषेपासूनचे अंतर मोजते, १९७४चा जलप्रदूषण कायदा सांडपाण्याकडे पाहतो, मत्स्यविभाग पकडलेल्या माशांचा हिशेब ठेवतो. समुद्राच्या सामूबद्दल उत्तरदायी कोण?

२०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आम्लीकरणाला आळा घालण्याचे लक्ष्य आहे आणि सामूचे नियमित मापन हाच त्याचा निर्देशक आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मच्छीमारांना मासे कोठे मिळतील याची सूचना देते. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने अशाच शिस्तीने मन्नार, लक्षद्वीप, अंदमान आणि कच्छच्या आखातातील सामूची आकडेवारी दरवर्षी संसदेपुढे ठेवावी. मोजमापाने समुद्र सुधारणार नाही. त्यासाठी उत्सर्जनच घटवावे लागेल. पण न मोजलेल्या हानीची जबाबदारी कोणावरही टाकता येत नाही.

शून्य निव्वळ उत्सर्जनासाठी भारताने २०७० हे वर्ष ठरवले आहे. आज जन्मणारे मूल तेव्हा चाळिशी ओलांडून पुढे गेलेले असेल. समुद्राचे रसायन निसर्गतः पूर्ववत होण्यास मात्र हजारो वर्षे लागतात. हे कर्ज आपण काढत आहोत. फेडणाऱ्यांची संमती कोणी घेतलेली नाही. निदान त्याचा हिशेब तरी त्यांच्या हाती नीट द्यायला हवा.