छतावर सौर, तरी घरात अंधार?

सौर पॅनल बसवले की लोडशेडिंगची चिंता मिटली, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात रणरणत्या उन्हात लाइट गेली की साधी ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीजपुरवठ्याला जोडलेली यंत्रणाही बंद पडते. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरातून उलट गेलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून इन्व्हर्टर मुद्दामच थांबतो. लाइट नसतानाही वीज हवी, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

बॅटरी केवढी घ्यायची, हे दुकानदाराला विचारण्याआधी स्वतः मोजा. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा 30च्या आसपास. असे चार पंखे रात्री आठ तास फिरले, तर जुन्यांना 2.4 युनिट लागतात आणि नव्यांना जेमतेम एक. पंखे बदलले की त्यांच्यापुरती बॅटरी निम्म्याहून लहान होते, आणि खरा पैसा तर बॅटरीतच जातो! गीझर आणि इस्त्रीला तिच्या वाटेला जाऊच देऊ नका.

पॅनलचं गणित सोपं आहे. 1 किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट. पावसाळ्यात बरीच कमी. सरकारी अनुदानही पॅनलच्या क्षमतेवर ठरतं.

घराचं बांधकाम चालू असेल तर बॅटरीवर चालवायचे पंखे, दिवे, फ्रिज आणि वायफाय यांचं वायरिंग आत्ताच वेगळं काढून घ्या. प्लास्टरनंतर भिंती फोडाव्या लागतील. आणि गच्चीवरची पाण्याची टाकी उत्तरेला सरकवा. दक्षिणेला असली, तर तिची सावली पॅनलवर पडेल.