बोस्टनचे बेत, नगरचे टाळ

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा बोस्टनहून निघतो. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची १८१० मधली स्थापना, १८१३ मध्ये मुंबईत पोहोचलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, मग घाट चढून आलेली पुढची फळी, असा तो क्रम ठरलेला असतो. या रचनेत पेरणारे हात सगळे गोरे असतात आणि नगरची माती नुसती पडून असते. प्रस्तुत लेखकाची गेल्या चाळीस वर्षांची तक्रार याच रचनेविरुद्ध आहे. बेत बोस्टनमध्ये आखले गेले, हे खरे. पण खेड्यापाड्यांतली मंडळी उभी राहिली ती टाळ-मृदंगावर.

पहिली पाने लवकर उलटायला हरकत नाही. डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्वी हे तिघे नगरला आले. लष्करी छावणीचे गाव, हवा कोरडी, भोवती खेड्यांचे दाट जाळे. काही महिन्यांतच हर्वी पटकीने गेले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचे ब्राह्मण ख्रिस्ती होते. आंधळ्या-पांगळ्या निराधारांसाठी चालवलेल्या आश्रयगृहात ते शिकवत, आणि १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली तेव्हा तिच्यात याच आश्रयगृहातली माणसे होती. त्याच वर्षी पटकीने बाबाजींनाही नेले. रीड यांनी पुढे त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहून अमेरिकेत छापले. नगरच्या मंडळीचे पहिले चरित्र एका मराठी माणसाचे आहे, ही गोष्ट आढाव्यांतून हमखास गळते.

शाळांचा भाग सर्वांच्या तोंडी आहे. मिशनच्या सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये त्यांनी आपली शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते नगरलाही. फरार बाई १८६२ मध्ये नगरमध्येच वारल्या. मिशनचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ जून १८४२ मध्ये इथेच निघाले.

१८५४-५५ चा मुक्काम मात्र रेंगाळण्याजोगा. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः बोस्टनहून पाहणीला आले. त्यांचा आग्रह एकच होता: मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः करावा, आणि मिशनरी साहेबांनी पुढच्या मुलुखाकडे वळावे. इंग्रजी शाळा बंद झाल्या. त्याबद्दल अँडरसन यांना आजही बोल लावला जातो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. पण त्याच सुमारास, १८५४ मध्ये, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ब्राह्मण घरात जन्मलेले पाळक आणि महारवाड्यातून आलेली मंडळी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेऊ लागली. त्या काळच्या नगरमध्ये याला किती छाती लागली असेल, याचा अंदाज आज करता येणार नाही.

आणि मग कीर्तन.

१८६० च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. भर बाजारातल्या प्रवचनाला लोक पाच मिनिटे थांबत आणि वाद घालून निघून जात. कीर्तनाला तेच लोक घोंगडी घेऊन येत आणि मध्यरात्र उलटली तरी उठत नसत. नमन, पूर्वरंगातले निरूपण, उत्तररंगातले आख्यान, सगळी बांधणी इथल्याच परंपरेची. विषय तेवढा शुभवर्तमानातला. वडाळ्याला ठाण मांडून बसलेले मिशनरी सॅम्युएल फेअरबँक ज्या नेवासे तालुक्यात फिरत, तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली होती. त्या मुलुखात ऑर्गनवरचे अमेरिकन सूर कितीसे रुजणार होते?

प्रस्तुत लेखकाने लहानपणी याच तालुक्यातल्या एका खेड्यात ऐकलेले उधळ्या पुत्राचे आख्यान अजून कानात आहे. देवळात, म्हणजे चुन्याने रंगवलेल्या मंडळीच्या खोलीत, एकच गॅसबत्ती. मुलगा डुकरांच्या शेंगांवर पोट भरायला निघाला, असे बुवांनी सांगितले तेव्हा बायकांच्या बाजूने हुंदका आला. दुष्काळात पाला उकडून खाल्लेल्या त्या बायका होत्या. पुढे बाप मुलाला दुरून पाहतो ती जागा आली. बुवांनी उपरणे सावरले आणि टाळ हातात तसेच धरून ते दाराकडे खरोखरच धावले. सगळी खोली मागे वळली. दारात कोणी नव्हते, पण प्रत्येकाला कोणी ना कोणी दिसले असावे.

नगरचे ख्रिस्ती म्हणजे दुष्काळाचे ख्रिस्ती, असे अजूनही ठासून लिहिणारे विद्वान आहेत. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर मंडळ्यांची संख्या फुगली, ही गोष्ट कोणी नाकारत नाही. पण धान्य संपल्यावर माणसे का टिकली, याचे उत्तर त्या लेखनात सापडत नाही. शिवाय सांगळ्यांची कीर्तने या दोन्ही दुष्काळांच्या आधीची आहेत.

या वाटेवरचा सर्वांत मोठा माणूस म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले, आणि उपासनासंगीताचा चेहरा बदलला. त्यांची दोनशेहून अधिक गीते मंडळ्यांच्या ओठी बसली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात बसू शकत. ९ मे १९१९ ला ते गेले. त्यांच्या घरातली धांदल, हशा आणि रडे पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त लिहून ठेवले आहे. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये नगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ काढला, तोही खादी आणि भारतीय उपासनेच्या वाटेने.

परदेशी कामाची भाषा आज नवी वाटते. ती तशी नाही. शेजारच्या नाशिकला, शरणपूरच्या आश्रमात गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुले वाढली. त्यांच्यातल्याच जेकब वेनराइटने डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या देहाला साथ देत इंग्लंड गाठले, आणि मोंबासाजवळच्या फ्रीरटाउनची वस्ती नाशिकच्या माणसांनी उभी केली. नगरचे देणे वेगळे. इथल्या मिशनरी घराण्यातले आणि टिळकांना ख्रिस्ताकडे वळताना पत्रांतून साथ देणारे जस्टिन अ‍ॅबट अमेरिकेला परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी एकनाथ, तुकाराम, महिपती इंग्रजीत नेण्यात घालवले. शुभवर्तमान घेऊन आलेल्या मिशनने परतीच्या वाटेवर महिपतींचा ‘भक्तिविजय’ नेला. आढाव्यांत या गोष्टीला एक ओळसुद्धा मिळत नाही, याचे दुःख होते.

आता काय दिसते? नव्या मंडळ्या काढण्याचे बेत पुन्हा परदेशातूनच येतात. इतक्या वर्षांत इतकी गावे, असा तक्ता बरोबर असतो. पेटी आणि मृदंगाच्या जागी कीबोर्ड आला, आणि तरुण मुले हिंदी-इंग्रजी कोरस पडद्यावर वाचून गातात. त्यांची श्रद्धा खोटी नाही. पण अँडरसन यांचा पहिला प्रश्न, हे काम तुमचे तुम्ही चालवाल का, त्या तक्त्यांत कुठेच नाही. जिल्ह्यात पूर्ण उत्तररंग उभा करू शकणारे ख्रिस्ती कीर्तनकार आज बोटांवर मोजावे लागतात.

त्या गॅसबत्तीखालच्या बुवांची वही प्रस्तुत लेखकाकडे आहे. शाईने लिहिलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. योसेफ, दानीएल, उधळ्या पुत्र, अशी आख्याने ओळीने आहेत. उधळ्या पुत्राच्या पानावर, बाप धावतो त्या जागी, समासात बुवांनी स्वतःसाठी दोन शब्द लिहून ठेवले आहेत: ‘इथे धावणे.’