पतअहवाल मोफत, पण 'अटी' वाचा!

- प्रतिनिधी

पगार पुरेसा, कागदपत्रे चोख, तरीही गृहकर्जाचा अर्ज नामंजूर, असा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. खोलात गेल्यावर कारण निघते ते भलतेच. वापरणे सोडून दिलेले एखादे क्रेडिट कार्ड रीतसर बंद झालेलेच नसते. वार्षिक शुल्क, व्याज आणि दंड साचत जाऊन अर्जदाराच्या नावावर थकबाकीचा शिक्का बसलेला असतो. बँकेला ही नोंद तत्काळ दिसते. ज्याच्याविषयी ती आहे, त्याला मात्र अर्ज फेटाळला गेल्यावरच कळते.

स्वतःचा पतअहवाल आधी पाहून ठेवला, तर हा मनस्ताप टळू शकतो. परंतु अहवालासाठी पैसे मोजावे लागतात आणि तो वारंवार पाहिल्यास पतगुणांक घसरतो, असे दोन समज रूढ आहेत. ते दोन्ही चुकीचे आहेत. ग्राहकाने स्वतः अहवाल पाहिल्यास गुणांकावर कोणताही परिणाम होत नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, तीच हिशेबात धरली जाते.

हक्क कोणता?

पतमाहिती कंपन्यांचे नियमन २००५च्या कायद्यानुसार होते. देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. या प्रत्येक कंपनीने व्यक्तीला वर्षातून एक संपूर्ण अहवाल, पतगुणांकासह, मोफत द्यावा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६मध्ये दिला आणि जानेवारी २०१७पासून तो लागू झाला. 'वर्ष' म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. याचा अर्थ वर्षाकाठी चार अहवाल विनामूल्य मिळू शकतात. दर तीन महिन्यांनी एका कंपनीकडून अहवाल घेतल्यास वर्षभर लक्ष राहते. मोठे कर्ज घ्यायचे असेल, तर मात्र चारही एकदम पाहावेत. कारण एकाच खात्याची नोंद सगळीकडे सारखी असेलच, असे नाही.

वाट कोठे चुकते?

मोफत अहवालाचा दुवा संकेतस्थळावर ठळकपणे द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२३मध्ये या कंपन्यांना बजावले. तरीही नाव, पॅन, जन्मतारीख आणि मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक भरल्यानंतर मासिक किंवा वार्षिक वर्गणीच्या योजना समोर येऊ शकतात. त्या घेणे बंधनकारक नाही. त्या नाकारून पुढे जाण्याचा पर्याय बहुधा लहान अक्षरांत असतो, तो शोधावा. मोफत अहवालासाठी कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआयचा तपशील लागत नाही. तो विचारला गेल्यास आपण सशुल्क योजनेच्या किंवा भलत्याच पानावर आहोत, असे समजून तेथेच थांबावे. आपोआप नूतनीकरणाच्या चौकोनात आधीच खूण केलेली नाही ना, हेही पाहावे.

अनेक अॅप 'मोफत स्कोअर' दाखवतात. तेथे पैसे द्यावे लागत नसले, तरी आपली माहिती वापरण्याची संमती द्यावी लागते. कर्ज आणि कार्ड विकणे हा यातील अनेकांचा व्यवसाय असतो. पुढे येणाऱ्या दूरध्वनींचे मूळ बहुतेकदा या संमतीत असते.

काय तपासावे?

गुणांक ३०० ते ९००च्या दरम्यान असतो. सर्वांची नजर आधी त्यावर जाते, परंतु महत्त्व नोंदींना आहे. नाव, पॅन व पत्ता बरोबर आहे का, हे प्रथम पाहावे. आपण न घेतलेले कर्ज किंवा न केलेल्या अर्जाची चौकशी दिसल्यास आपली कागदपत्रे कोणी वापरली असण्याची शक्यता असते. फेडलेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड' हा शेरा हवा. 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' असे शेरे नव्या कर्जाच्या आड येतात. हप्त्यांच्या तक्त्यातील '०००' म्हणजे वेळेवर भरणा. अन्य आकडा म्हणजे तितक्या दिवसांचा विलंब. मित्राला किंवा नातलगाला जामीन राहिला असाल, तर ते कर्जही येथे दिसू शकते.

चूक आढळल्यास

दुरुस्तीची मागणी संबंधित पतमाहिती कंपनीकडे किंवा बँकेकडे विनाशुल्क करता येते. तक्रारीचा निपटारा ३० दिवसांत व्हायला हवा. त्यासाठी बँकेला २१ आणि कंपनीला उर्वरित नऊ दिवस मिळतात. मुदत उलटल्यास प्रतिदिन १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४पासून अमलात आली आहे. तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवावी. तेथे दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत.

'सिबिल दुरुस्त करून देतो' असे सांगून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. खरी थकबाकी कोणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद सुधारून घेण्यासाठी एक रुपयाही लागत नाही.