उसळी आणि तेल

खड्ड्यावरून जातांना मोटारसायकलीला धक्का बसतो. पण खरा धोका त्याच्या पुढच्या क्षणीं असतो. दबलेली स्प्रिंग उलट उसळते, आणि चाकानें जमीन सोडली कीं ब्रेकचा उपयोग संपला!

ही उसळी शमविणें हें तेलाचें काम. असा तेलाचा, दुर्बिणीसारखा सरकता पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, १९३५ सालीं बी. एम. डब्ल्यू.च्या आर १२ व आर १७ या गाड्यांना प्रथम बसविण्यांत आला. एका नळींत दुसरी सरकते. आंतील तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि त्या अडवणुकींतच उसळीचा जोर खर्ची पडतो.

वर्षानुवर्षें न बदललेलें तेल गढूळ व निःसत्त्व होतें. नळीवर गंज चढला कीं रबरी सील कापलें जातें, तेल झिरपतें. तें ब्रेकवर उतरल्यास अनर्थच. गंजकी नळी तशीच ठेवून नुसतें सील बदलणें म्हणजे पैसे पाण्यांत घालणें होय. फोर्क ‘मजबूत’ व्हावा म्हणून जाड तेल ओतण्याची हौसही तशीच. त्यानें गाडी ताठर मात्र होते. तेल निर्मात्यानें सांगितलेलें, आणि दोन्ही नळ्यांत सारखें हवें.

राहिली जुळणी. चाक अधांतरी असतांना सरकत्या नळीचा उघडा भाग मोजावा. चालक बसल्यावर पुन्हां मोजावा. एकूण चालीच्या चौथाई ते तृतीयांश फरक ठीक: १२० मिलिमीटरांस ३० ते ४०. अधिक दबल्यास स्प्रिंगच्या डोक्यावर चकती घालून ताण वाढवितात. मोजतांना गाडी सरळ धरण्यास दुसरा माणूस अवश्य असावा.