महाजालावरील नोकरीचा शोध : सीमाभागातील पालकांसाठी आणि डॉक्टरांसाठी

वैद्यकीय संघटनेच्या स्मरणिकेत नोकरीच्या शोधावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु खेड्यातील दवाखाना हा केवळ औषधोपचाराचा नसतो, तो सल्ल्याचाही असतो. ज्या बालकांना आपण लस टोचली, ती आज नर्सिंग, फार्मसी, आयटीआय किंवा पदवी पूर्ण करून उभी आहेत. त्यांचे आईवडील मोबाइलवर आलेली जाहिरात आपल्यापुढे धरतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, ही खरी आहे का हो?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याला नीट देता यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

एके काळी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून बोलावण्याची वाट पाहणे, हाच मार्ग होता. रिक्त जागा या कार्यालयांना कळविण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने घातले होते. पुढे ‘रोजगार समाचार’सारखी साप्ताहिके आली, पण नंदगडसारख्या गावी अंक पोहोचेपर्यंत अर्जाची मुदत संपत येई. १९९७ मध्ये ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झाले आणि चित्र पालटू लागले. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे विनामूल्य संकेतस्थळ उघडले. आता बंगळूर, मुंबई वा पणजीची जाहिरात निघते, त्याच दिवशी ती नंदगडातही दिसते. अंतर संपले, हा मोठाच लाभ. मात्र बातमी आणि अफवा यांच्यामधली गाळणीही त्याबरोबर नाहीशी झाली.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की जाहिरातींची यादी देणारी संकेतस्थळे निराळी आणि नोकरी देणारी संस्था निराळी. यादीतून फक्त सुगावा लागतो. रुग्णाने शेजाऱ्याचे औषध सांगितले म्हणून आपण ते लिहून देत नाही, रुग्णाला तपासतो. त्याचप्रमाणे जाहिरात कोठेही दिसली, तरी त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन मूळ अधिसूचना संपूर्ण वाचावी. वय, पात्रता, शुल्क, शेवटची तारीख आणि मुख्य म्हणजे स्थानिकत्वाच्या अटी तेथेच असतात.

या अटींचे महत्त्व आपल्या भागात विशेष आहे. खानापूर तालुक्याच्या एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राचा चंदगड तालुका. मोबाइलच्या पडद्यावर तिन्ही राज्यांच्या जागा एका रांगेत दिसतात. पण प्रत्येक दाराची किल्ली वेगळी आहे. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत कन्नड भाषेची अनिवार्य परीक्षा असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाने तिची तयारी जाहिरात येण्यापूर्वीच सुरू केलेली बरी. गोवा शासनाच्या जाहिरातींत साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान मागितलेले असते. महाराष्ट्र शासनाच्या १० जुलै २००८ च्या निर्णयानुसार, त्या राज्याने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांत पंधरा वर्षे वास्तव्य असलेल्या मराठी भाषक उमेदवारांना विहित दाखला जोडून तेथील पदांसाठी अर्ज करता येतो. ही तरतूद बहुधा जाहिरातीच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत असते. वरवर चाळणारा ती पाहत नाही आणि ‘आपण बाहेरचे’ असे समजून अर्जच करीत नाही. आरक्षणाचा लाभ मात्र सहसा त्या त्या राज्याच्या जातीच्या दाखल्यावर मिळतो, हेही आधीच तपासावे. केंद्र सरकारच्या भरतीत आणि खासगी क्षेत्रात यांतील बहुतेक अडचणी उद्भवत नाहीत.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडील गुणपत्रिकेवर अनेकदा नावापुढे केवळ आद्याक्षरे असतात, तर महाराष्ट्राच्या अर्जांत स्वतःचे, वडिलांचे व आडनाव असा क्रम मागतात. कन्नडातून इंग्रजीत आणि मराठीतून इंग्रजीत लिहिताना स्पेलिंगही बदलते. गुणपत्रिका, आधार आणि अर्ज यांत तफावत राहिली, तर कागदपत्रांच्या पडताळणीत मिळालेली नोकरीही अडकते. ही दुरुस्ती पदवीच्या शेवटच्या वर्षीच करून घ्यावी.

खासगी संकेतस्थळांवर आणखी एक पथ्य पाळावे. तेथे भरती करणारा माणूस सारे अर्ज वाचत बसत नाही. तो विशिष्ट शब्द घालून शोध घेतो. ‘कष्टाळू, प्रामाणिक, होतकरू’ असे कोणी शोधत नाही. ‘अतिदक्षता विभागात दोन वर्षे’, ‘डायलिसिस तंत्रज्ञ’, ‘टॅली’, ‘वेल्डिंग’ असे शब्द परिचयपत्रात असतील, तरच तो अर्ज वर येतो. कन्नड, मराठी, कोकणी, हिंदी अशा जेवढ्या भाषा येत असतील, त्या अवश्य लिहाव्यात. सीमाभागातील मुलांची ती खरी पुंजी आहे आणि रुग्णालयांना तिची गरज असते.

आरोग्य क्षेत्रापुरते सांगायचे, तर एम्सच्या परिचारिका भरतीसाठी २०२० पासून ‘नॉरसेट’ ही सामाईक परीक्षा होते. डॉक्टरांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची एकत्रित वैद्यकीय सेवा परीक्षा आहे. परराज्यात जाऊ इच्छिणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्मात्यांनी तेथील परिषदेच्या नोंदणीसाठी लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा.

आता फसवणुकीविषयी. काही काळापूर्वी जी.एन.एम. झालेली एक मुलगी एका मोठ्या रुग्णालयाच्या नावाचे नेमणूकपत्र घेऊन माझ्याकडे आली. मुलाखत झालेली नव्हती. पण ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून पंधरा हजार रुपये दोन दिवसांत भरायचे होते. वडील सोने गहाण ठेवण्याच्या तयारीत होते. पत्रावरचा क्रमांक बाजूला ठेवून आम्ही रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर विचारणा केली. अशी भरतीच नव्हती.

यातून निघणारा नियम सोपा आहे. परीक्षेचे ठरलेले शुल्क अधिकृत संकेतस्थळावर भरणे रास्त. परंतु अनामत, प्रशिक्षण, गणवेश किंवा लॅपटॉप यांच्या नावाखाली कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागितले, की तेथेच थांबावे. संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचावा. पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ असेल, तर ते सरकारी. ‘गव्ह’ हा शब्द नुसता मध्ये कोठे तरी घुसवलेला असेल, तर संशय घ्यावा. काही अधिकृत संस्थांचे पत्ते वेगळ्या प्रकारचे असतात. अशा वेळी त्या संस्थेच्या मुख्य संकेतस्थळावरूनच पुढे जावे.

परदेशातील नोकरीत तर जिवाचाच प्रश्न येतो. संगणकावरील कामाच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. परदेशी पाठविणाऱ्या एजंटाचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येतो. आखातासह अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती २०१५ पासून सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या संस्थांमार्फतच करण्याचे बंधन आहे. ‘पर्यटक व्हिसावर जा, तिथे पाहू’ असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठविली जाण्याची शक्यता असते. जितका उशीर, तितकी आशा कमी. हे आपल्याला रुग्णांच्या अनुभवावरून वेगळे सांगायला नको.

गावातील तरुण या बाबतीत आपल्याहून चपळ आहेत. त्यांना वेग शिकवण्याची गरज नाही. गरज आहे ती थांबून मूळ कागद वाचण्याच्या सवयीची. आपल्या प्रतीक्षाकक्षात लसीकरणाच्या तक्त्याशेजारी १९३० हा क्रमांक आणि ‘पैसे भरण्यापूर्वी विचारा’ एवढी एक ओळ प्रत्येकाने लावली, तरी अनेक घरांचे सोने आणि कित्येकांची उमेद शाबूत राहील.