खडीच्या जमिनीचा लौकिक : शातो ओ-ब्रियों

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, गारोन नदीच्या काठी बोर्दो हे प्राचीन बंदर वसले आहे. त्याला लागूनच असलेल्या पेसाक या गावात सुमारे ५० हेक्टरांचा एक द्राक्षमळा असून चहूबाजूंनी तो आज शहरी वस्तीने वेढलेला आहे. येथील मद्यनिर्मितीस शतकांची अखंड परंपरा आहे. हाच शातो ओ-ब्रियों होय. 'शातो' म्हणजे वाडा. बोर्दो परिसरात मात्र मळा आणि मद्यशाळा यांसह संपूर्ण वतनासच हे नाव दिले जाते.

एका कुटुंबाची दूरदृष्टी

१५२५ मध्ये ज्यां द पोंताक यांना विवाहात येथील काही जमीन मिळाली. तीत भर घालून त्यांनी मळा वाढविला व वाडा बांधला. त्या काळी बोर्दोची वाइन एकत्र मिसळून केवळ प्रदेशाच्या नावाने विकली जाई. सतराव्या शतकात याच घराण्यातील आर्नो द पोंताक यांनी आपल्या मळ्याची वाइन मळ्याच्याच नावाने विकण्यास प्रारंभ केला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या तळघराच्या १६६० च्या हिशेबात तिची नोंद आढळते. १६६३ मध्ये सॅम्युअल पीप्स याने लंडनमध्ये ती चाखली व तिच्या आगळ्या चवीविषयी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडन पुन्हा उभे राहत असता आर्नो यांच्या पुत्राने तेथे खानावळ उघडून या वाइनला हक्काची बाजारपेठ मिळवून दिली.

निकस जमिनीचे सामर्थ्य

१६७७ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक या मळ्यावर आला, तेव्हा वाळू व खडे यांनी भरलेली ही जमीन पाहून येथे काही पिकेल असे त्यास वाटेना. तथापि याच खडीत मळ्याचे सामर्थ्य आहे. पावसाचे पाणी तीत साचून राहत नाही. मुळे खोल जातात. दिवसा तापलेले खडे रात्री वेलींना ऊब देतात. येथे मेर्लो, काबेर्ने सोव्हिन्यों व काबेर्ने फ्रां या काळ्या द्राक्षांची लागवड आहे. द्राक्षे हातांनी खुडून सालीसकट आंबविली जातात. लाल रंग सालीतूनच उतरतो. आंबविण्यासाठी पोलादी टाक्यांचा अवलंब १९६१ मध्येच करण्यात आला. त्यानंतर ही वाइन ओक लाकडाच्या पिंपांत मुरविली जाते.

श्रेणी, संकटे आणि कायदा

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभावाच्या आधारे वाइनची प्रतवारी केली. लाल वाइनच्या पहिल्या श्रेणीत चारच मळे आले. त्यांपैकी तीन मेदोक विभागातील होते. चौथा, त्या विभागाबाहेरचा, ओ-ब्रियों होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधील वेलींची मुळे पोखरली. अमेरिकन खुंटांवर कलमे बांधल्यावरच मळे पुन्हा उभे राहिले. पुढे वाढत्या शहराने पेसाकचे अनेक मळे गिळले. परंतु १९३५ मध्ये अमेरिकन बँकर क्लॅरेन्स डिलन यांनी खरेदी केलेला हा मळा टिकून राहिला. आजही तो त्यांच्याच वंशजांकडे आहे.

१९३५ मध्येच फ्रान्सने मूळ स्थानाच्या नावास कायद्याचे संरक्षण देणारी राष्ट्रीय व्यवस्था उभारली. गावाचे नाव लावावयाचे तर द्राक्षे त्याच हद्दीतील आणि निर्मिती ठरलेल्या नियमांनुसारच हवी, असा दंडक पडला. पेसाक-लेओन्यां या विभागास १९८७ मध्ये असे स्वतंत्र नाव प्राप्त झाले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

भारतात भौगोलिक चिन्हांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन २००३ पासून अंमलात आला. नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन आणि सांगलीचा बेदाणा यांना त्याखाली नोंदणी लाभली आहे. नाशिकच्या मळ्यांतही खुंटरोपांवर कलमे बांधली जातात आणि तेथेही शहर शिवारात शिरत आहे. नोंदणीमुळे नावास कायद्याचे कवच लाभते. त्या नावामागील माती, पाणी व दर्जा जपण्याचे काम मात्र शेतकरी आणि गावकऱ्यांनाच करावे लागते. पेसाकच्या खडीतील हा मळा टिकला, कारण ती जमीन पिढ्यान् पिढ्या मळा म्हणूनच राखली गेली.