हुकूम कुणाचा, बदनामी कुणाची?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी ‘मेरा सुलतान’ पाहण्याचा परिपाठ पडला. ईशाची नमाज आणि जेवणे उरकली की सासूबाई पानाचा डबा घेऊन बसत, जाऊबाई घडी घालायचे कपडे पुढ्यात ओढत आणि आठवीतली आमची मुलगी टीव्हीला मोबाइल जोडून देई. मूळ तुर्की मालिका १३९ भागांची. २०११ ते २०१४ या काळात ती तुर्कस्तानात दाखवली गेली आणि पुढे उर्दूत डब होऊन आपल्याकडच्या अनेक घरांत पोहोचली.

मालिका उस्मानी सुलतान सुलेमान यांच्या दरबाराची; पण लक्षात राहते ती त्यांची बेगम हुर्रम. गुलाम म्हणून जनानखान्यात आलेली, सुलतानला भुरळ घालणारी, सवतीला हुसकावणारी, वजिराचा काटा काढणारी आणि शेवटी सावत्र मुलाच्या जिवावर उठणारी. आम्ही सगळ्याजणी तिच्यावर भरपूर चिडलो. सासूबाई तर तिचे नावही घेत नसत. ‘आली का ती कैदाशीण?’ असे विचारत.

हळूहळू ते नाव पडद्याबाहेर आले. त्याच सुमारास नात्यातल्या एका घरात वाटणी झाली. धाकट्या मुलाने वडिलांच्या दुकानातून अंग काढून घेतले आणि बायकोला घेऊन वेगळे बिऱ्हाड केले. एका निकाहच्या जेवणाला आम्ही बायका एकत्र बसलो होतो. कुणीतरी म्हणाले, “घरात हुर्रम शिरली, दुसरे काय!” सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. ती मुलगी आमच्यापासून दोन हातांवर, दस्तरखानाच्या कडेला बसली होती. तिने मान वर केली नाही. त्यानंतर ती नात्यातल्या कार्यांना दिसेनाशी झाली.

आम्हाला जाग आणली ती आमच्या मुलीने. शहजादा मुस्तफाच्या वधाचा भाग चालू होता. बाप तंबूच्या पडद्यामागे, बाहेर जल्लाद आणि मधे निःशस्त्र मुलगा. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि हुर्रमच्या नावाने बोटे मोडली. मुलगी म्हणाली, “दादी, पण हुकूम तर सुलतानने दिला ना?”

कुणी उत्तर दिले नाही. वर्गात मुलांनी असा प्रश्न विचारला तर पुस्तक उघडून पाहू या, असे आम्ही सांगतो. म्हणून सुट्टीचे उरलेले दिवस हुर्रमबद्दल मिळेल ते वाचण्यात घालवले.

हुर्रम हे नाव म्हणजे आपल्या उर्दूतला खुर्रम हाच शब्द. अर्थ, आनंदी. बादशाह शाहजहानचे जन्मनावही खुर्रमच होते. हे नाव तिला राजवाड्यात मिळाले. युरोपात ती रोक्सेलाना या नावाने ओळखली गेली. ती आजच्या युक्रेनमधल्या मुलखातली. तो भाग तेव्हा पोलंडच्या राजाकडे होता. क्रिमियाच्या तातारांच्या धाडीत ती लहान वयात पकडली गेली आणि विकत विकत इस्तंबूलला पोहोचली, असे मानले जाते. आईबाप, गाव, भाषा, धर्म, नाव, सगळे सुटले. १५२० मध्ये सुलेमान तख्तावर आले आणि १५२१ मध्ये हुर्रमला पहिला मुलगा झाला. आपल्या आठवी-नववीच्या वर्गातल्या मुलींपेक्षा ती फार मोठी नसावी.

मालिकेत ती पहिल्या दिवसापासून तोपकापी राजवाड्यात वावरते. प्रत्यक्षात त्या काळी बहुतेक जनानखाना शहरातल्या दुसऱ्या, जुन्या राजवाड्यात राहत असे. मुस्तफाची आई महीदेवरान हिला हुर्रमने हुसकावून लावले, असे आपल्याला दिसते. पण शहजादा वयात आला की त्याला एखाद्या प्रांतावर नेमायचे आणि त्याच्या आईने सोबत जायचे, हा उस्मानी घराण्याचा रिवाजच होता. १५३३ मध्ये मुस्तफाची मनीसा प्रांतावर नेमणूक झाली आणि महीदेवरान त्याच्यासोबत गेली. रिवाज मोडला तो हुर्रमच्या बाबतीत. एका दासीपासून एकच मुलगा अशी आधीची पद्धत असताना तिला पाच मुलगे आणि एक मुलगी झाली. सुलतानने तिला गुलामीतून मुक्त करून तिच्याशी रीतसर निकाह केला. त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असे घडले नव्हते. लोकांना याचा उलगडा होईना, म्हणून त्यांनी ठरवले की तिने जादूटोणा केला.

ही जादूटोण्याची कुजबुज युरोपी वकिलांनी आपल्या पत्रांत लिहून ठेवली. त्यांतला बुसबेक हा हाब्सबर्ग घराण्याचा वकील तर मुस्तफा मारला गेल्यानंतर इस्तंबूलला आला. जनानखान्यात परपुरुषाला पाऊल टाकता येत नव्हते. म्हणजे ज्यांनी तिला जगभर बदनाम केले, त्यांना ती कधी दिसलीही नव्हती. बाजारात आणि दरबारात जे ऐकले ते त्यांनी लिहिले. पुढच्यांनी त्यावर नाटके आणि कादंबऱ्या रचल्या.

याचा अर्थ हुर्रम अगदी निष्पाप होती, असे आम्ही म्हणत नाही. ती राजकारणात होती. सुलतान मोहिमेवर असताना तिने पाठवलेली पत्रे आजही जपलेली आहेत. त्यांत मुलांची खुशाली असते, तशीच राजधानीची खबरही असते. तिचा जावई रुस्तम पाशा हा वजीरे-आझम होता आणि मुस्तफाच्या मृत्यूनंतर सैन्याचा राग त्याच्यावरच निघाला. आपल्या मुलाने तख्तावर बसावे असे तिला नक्कीच वाटत असणार. पण ते का, हेही पाहिले पाहिजे. सुलतान महंमद फातेह यांच्या कायद्याने तख्तावर बसणाऱ्याला राज्याच्या शांततेसाठी भावांना मारण्याची मुभा दिली होती. सुलेमान यांचे वडील सलीम यांनी भाऊ आणि पुतणे मारूनच आपले तख्त पक्के केले होते. मुस्तफा सुलतान झाला असता तर हुर्रमच्या मुलांचे काय झाले असते, हे त्या राजवाड्यातले लहान मूलही जाणत होते. तिथे मुलाला जन्म देणाऱ्या प्रत्येक आईच्या उशाशी ही भीती होती. हा कायदा हुर्रमने केला नव्हता.

१५५३ च्या ऑक्टोबरात इराणच्या मोहिमेवर निघालेल्या सुलतानच्या छावणीत, एरेलीजवळ, मुस्तफाला गळा आवळून मारण्यात आले. हुर्रम तिथे नव्हती. हुकूम बापाचा होता. १५३६ मध्ये वजीर इब्राहिम पाशाला मारण्याचा हुकूमही सुलतानचाच होता. हुर्रम १५५८ मध्ये वारली. दुसऱ्याच वर्षी तिचे दोन मुलगे, सलीम आणि बायजीद, कोन्याजवळ एकमेकांशी लढले. हरलेला बायजीद इराणला पळाला. पुढे तोही आपल्या मुलांसह मारला गेला. तेव्हा कान भरायला हुर्रम हयात नव्हती. तरीही घडले तेच.

तुर्कस्तानात मालिकेवर वादळ उठले होते. हजारो तक्रारी झाल्या. २०१२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान यांनीही जाहीर नाराजी दाखवली. सुलतानची कारकीर्द घोड्याच्या पाठीवर गेली, राजवाड्यातल्या रंगढंगात नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. तो चुकीचा नाही. मालिकेतले कपडे आणि काही दृश्ये घरात सगळ्यांनी मिळून पाहण्याजोगी नाहीत, हे आम्हीही मान्य करतो. रिमोट हातात धरूनच आम्ही ती पाहिली. पण त्या वादात काळजी होती ती सुलतानच्या अब्रूची.

मराठी शिकवताना आम्ही दरवर्षी ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार फळ्यावर लिहितो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या हुकुमाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही गोष्ट मुलांना पाठ असते. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवले ते राघोबादादांना, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. न्यायाधीशाने पुरुषाला दोष दिला आणि भाषेने तो बाईच्या पदरात टाकला. इतकी वर्षे हा वाक्प्रचार शिकवूनही आमच्या हे ध्यानात आले नव्हते.

आपल्या दीनमध्ये तर याबाबत शंकेला जागाच नाही. सूरह हुजुरातमध्ये संशय, टेहळणी आणि गीबत यांपासून दूर राहण्याची सक्त ताकीद आहे. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांच्यावर मदिन्यात तोहमत घेतली गेली, तेव्हा त्यांची पाकदामनी खुद्द अल्लाहने सूरह नूरमध्ये जाहीर केली. ऐकलेले पुढे सांगणाऱ्यांची तिथे कानउघाडणी आहे. हा किस्सा आम्ही मदरशात लहानपणी ऐकला, मुलांनाही सांगितला. तरी दस्तरखानावर बसून हसलोच.

शेवटी एका रविवारी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. बोलता बोलता तिच्या नवऱ्यानेच सांगितले की दुकानावरच्या कर्जात आपले नाव नको, म्हणून त्याने वर्षभर आधीच वेगळे व्हायचे ठरवले होते. “ही तर मला थांबवत होती,” तो म्हणाला. आम्ही तिला म्हणालो, “बेटी, त्या दिवशी आम्ही हसलो होतो. माफ कर.” तिने चहाचा कप आमच्या पुढे सरकवला आणि म्हणाली, “खाला, तुम्ही आलात. बाकीच्यांना हे कोण सांगणार?”

तिचे म्हणणे खरे होते. ज्यांच्यासमोर हसलो, त्यांच्यासमोरच ते मागे घ्यायला हवे होते. तेव्हापासून चार कार्यांत आम्ही हे सांगितले. कुणी ऐकले, कुणी विषय बदलला. सासूबाईंनी मात्र स्वतः त्या मुलीला फोन लावला.

हुर्रमची एक गोष्ट आम्हाला मालिकेपेक्षा पुस्तकांतच नीट समजली. इस्तंबूलच्या ‘अव्रत पझारी’त, म्हणजे औरत बाजारात, तिने १५३९ च्या सुमारास मिमार सिनान यांच्याकडून मशीद, मदरसा, मकतब आणि लंगरखाना बांधून घेतला, पुढे तिथे दवाखानाही झाला. दासी म्हणून आणलेल्या बाईने आपल्या नावाची पहिली इमारत बायकांच्या बाजारात उभी करावी, हे वाचून आम्ही थोडा वेळ थांबलो. १५५२ मध्ये तिने जेरुसलेमला लंगरखाना सुरू केला आणि त्याच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न वक्फ केले. तिथे रोज चारशे गरिबांना दोन वेळा रोटी आणि शोरबा मिळे. जुम्म्याच्या आणि रमजानच्या रात्री मटणाचा भात आणि ‘झेर्दे’, म्हणजे मध आणि केशर घातलेला गोड भात असे. आपल्या लग्नातला जर्दा तो हाच.

सासूबाईंना हे वाचून दाखवले. त्या बराच वेळ सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, “येत्या जुम्म्याला जर्दा करू. त्या पोरीला आणि जावईबापूंना बोलाव.”